३२ कोर्स, एक ‘मेजर’ आणि पोहण्याची परीक्षा. अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजची पदवी मिळते तरी कशी?

बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती रँकिंगची आणि दुसरी फीची. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर पदवीसाठीच्या अटींचं एक पान असतं, ते मात्र बहुतेक जण प्रवेश मिळाल्यावरच उघडतात. लिबरल आर्ट्स कॉलेजच्या बाबतीत हा क्रम महागात पडू शकतो. चार वर्षांत काय काय शिकायचं, याचं तयार वेळापत्रक इथे कुणी हातात देत नाही. ते विद्यार्थ्यानेच जुळवायचं असतं आणि जुळवताना एखादी अट राहून गेली, तर गुण कितीही चांगले असले तरी पदवी अडते.

आधी ‘आर्ट्स’चा घोळ

आपल्याकडे आर्ट्स म्हणजे कला शाखा. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र आणि सोबत नातेवाइकांचा ‘सायन्सला नंबर नाही लागला का?’ हा ठरलेला प्रश्न. लिबरल आर्ट्समधल्या ‘आर्ट्स’चा या वर्गवारीशी संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात स्वतंत्र माणसाला याव्यात अशा सात विद्या मानल्या जात. त्यात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्वाच्या जोडीला अंकगणित, भूमिती, खगोलशास्त्र आणि संगीतही होतं. म्हणजे जवळपास निम्मे विषय आपल्या हिशेबात ‘सायन्स’वालेच!

आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजातही गणित, जीवशास्त्र, कम्प्युटर सायन्स हे सगळं असतं. मॅसॅच्युसेट्समधलं ॲमहर्स्ट कॉलेज तर पदवी एकच देतं, बीए. भौतिकशास्त्र घ्या नाहीतर संगीत. २००६ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे जॉन मॅथर हे पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचे १९६८ सालचे बीए.

३२ हा आकडा कुठून आला?

चार वर्षं, आठ सत्रं, प्रत्येक सत्रात चार कोर्स. झाले ३२. यातले साधारण एक तृतीयांश कोर्स मुख्य विषयाचे, म्हणजे ‘मेजर’चे असतात. उरलेल्यांपैकी काहींवर कॉलेजच्या अटी असतात आणि बाकीचे विद्यार्थ्याच्या मर्जीचे.

इथे एक गोंधळ हमखास होतो. काही कॉलेजं एका कोर्सला एक क्रेडिट धरतात, काही चार. त्यामुळे एका ठिकाणी पदवीला ३२ क्रेडिट लागतात आणि दुसरीकडे १२८. दोन्हीकडे अभ्यास तेवढाच. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही आणि लहान दिसला म्हणून हुरळून जायचंही नाही. सत्राला चारच विषय हे ऐकायला सोपं वाटतं. पण वर्ग लहान असतात, दर आठवड्याला भरपूर वाचन असतं आणि लेखी काम सतत सुरू असतं. गाइड आणून आदल्या रात्री पेपर काढण्याची सोय इथे नाही.

अटी घालायची वेळ का आली?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी कॉलेजांत सगळ्यांना ग्रीक, लॅटिन आणि गणिताचा जवळपास एकच अभ्यासक्रम असे. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ऐच्छिक विषयांचा दरवाजा उघडला. शतक संपेपर्यंत तो इतका उघडला की बहुतेक सगळंच ऐच्छिक झालं. मग व्हायचं तेच झालं. अनेक विद्यार्थी सोपे प्राथमिक कोर्स वेचून पदवी घेऊ लागले. १९०९ मध्ये अध्यक्ष झालेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी यावर तोड काढली. एका विषयात खोलवर जा आणि बाकीच्या ज्ञानशाखांतही ठरावीक कोर्स घ्या. ‘मेजर’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ ही जोडी तेव्हापासून रुळली. आज बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या नियमांचा सांगाडा हाच आहे, फरक तपशिलात.

एक नमुना: स्वार्थमोर

(नावातल्या ‘स्वार्थ’वर जाऊ नका.) फिलाडेल्फियाजवळचं हे कॉलेज १८६४ मध्ये क्वेकर पंथीयांनी स्थापन केलं. इथे विषयांचे तीन गट आहेत: मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि निसर्गविज्ञान व इंजिनीअरिंग. मेजर कुठलाही असो, तिन्ही गटांत किमान तीन-तीन कोर्स करावेच लागतात. लेखनावर भर असलेले तीन कोर्सही हवेत, शिवाय विज्ञानाचा एक प्रयोगशाळेतला कोर्स. म्हणजे संस्कृतीचा इतिहास शिकणाऱ्यालाही ॲप्रन घालावा लागतो आणि इंजिनीअरिंगवाल्याला निबंध चुकत नाही.

सगळ्यात कडक नियम २० चा आहे. ३२ पैकी किमान २० क्रेडिट मेजरच्या बाहेरची हवीत. आपल्याकडे आवडत्या विषयात जितके जास्त पेपर तितका विद्यार्थी हुशार समजला जातो. इथे उलट, आवडत्या विषयाचा अतिरेक होऊ नये म्हणून कुंपण घातलं आहे.

परदेशी भाषेचीही अट आहे आणि मराठी मुलांनी ती नीट वाचावी. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि ती उत्तम येते, अशा विद्यार्थ्यांना अमेरिकेतली अनेक कॉलेजं या अटीतून सूट देतात. पुरावा प्रत्येक ठिकाणी वेगळा मागतात. दहावीपर्यंत घेतलेलं मराठी असं सातासमुद्रापार कामाला येतं आणि मोकळे झालेले कोर्स दुसऱ्या विषयाला वापरता येतात.

पहिल्या सत्राचे गुण इथे गुणपत्रकावर श्रेणी म्हणून लागत नाहीत, फक्त उत्तीर्ण की नाही एवढीच नोंद होते. नव्या देशात, नव्या पद्धतीत रुळणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. अनोळखी विषय घेऊन पाहायचा असेल, तर हेच सत्र योग्य.

आणि हो, शारीरिक शिक्षण आहे. त्यातच पोहण्याची चाचणी. येत नसेल तर शिकून घ्यायचं.

सगळीकडे हेच नियम असतात का?

अजिबात नाही. एका टोकाला ॲमहर्स्ट. तिथे पहिल्या वर्षाचा एक सेमिनार आणि मेजर पूर्ण केला की बाकी कोर्स निवडायला विद्यार्थी मोकळा. दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स कॉलेज. ॲनापोलिस आणि सांता फे इथे त्याचे दोन कॅम्पस आहेत. तिथे मेजर नावाची गोष्टच नाही. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम: मूळ ग्रंथ वाचायचे, चारही वर्षं गणित, आधी प्राचीन ग्रीक, नंतर फ्रेंच. श्रेणी नोंदवली जाते, पण विचारल्याशिवाय विद्यार्थ्याला सांगितली जात नाही. टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे झेपेल का, याचा विचार आधीच केलेला बरा.

ऑरेगनमधल्या रीड कॉलेजात प्रत्येकाला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावाच लागतो. त्याआधी तिसऱ्या वर्षी पात्रता परीक्षा. स्टीव्ह जॉब्स यांनी १९७२ मध्ये एका सत्रानंतर सोडलं ते हेच कॉलेज. आवड नसलेले सक्तीचे कोर्स टाळता येऊ लागले, हा कॉलेज सोडण्याचा फायदा त्यांनी पुढे भाषणात सांगितला होता. त्यानंतर ते तिथेच कॅलिग्राफीच्या वर्गात जाऊन बसत.

एक कोर्स राहिला तर काय होतं?

खरी मेख इथे आहे. नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. एक सत्र वाढलं तर ४० हजार डॉलर, म्हणजे ३० लाखांहून जास्त रुपये. शिष्यवृत्ती असेल तर ती सहसा आठ सत्रांपुरतीच असते, नवव्या सत्राचा भार घरावर येतो. विद्यार्थी व्हिसावर असाल, तर आय-२० या कागदावरची तारीख संपण्याआधी मुदतवाढ मागावी लागते आणि त्यासाठी शैक्षणिक कारण पटवून द्यावं लागतं. प्रयोगशाळेचा एक राहिलेला कोर्स एवढ्याला पडू शकतो. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात तो करून क्रेडिट आणता येतं, पण आधी परवानगी घेतली असेल तरच.

मेजर जाहीर करायची मुदत साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस असते. ऐकायला निवांत वाटतं, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कम्प्युटर सायन्ससारख्या विषयांत कोर्सची साखळी असते. पहिला केल्याशिवाय दुसरा मिळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अचानक रसायनशास्त्राची ओढ लागली, तर उरलेल्या चार सत्रांत साखळी पूर्ण होणं अवघड. ‘तीन अधिक दोन’ योजनेतून इंजिनीअरिंग करू पाहणाऱ्यांना तर पहिल्या सत्रापासून गणित आणि भौतिकशास्त्र धरावं लागतं. तीन वर्षं या कॉलेजात, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात आणि शेवटी दोन पदव्या, अशी ही योजना आहे. दुसऱ्या विद्यापीठात शिष्यवृत्तीचा प्रश्न नव्याने सुरू होतो, हे मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं.

शिक्षणानंतर तिथे काम करायचं असेल, तर मेजरचं सरकारी वर्गीकरणही पाहा. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर १२ महिने कामाचं प्रशिक्षण घेता येतं आणि ‘स्टेम’ गटातल्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. अर्थशास्त्र एका कॉलेजात या गटात असतं, दुसऱ्यात नसतं. कारण तो विषय कोणत्या कोडखाली नोंदवायचा, हे कॉलेज ठरवतं.

आपल्याकडच्या नव्या बीएशी याचं नातं काय?

महाराष्ट्रातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द आता पाठ झाले आहेत. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट ठेवले. राज्यात स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ पासून ही रचना स्वीकारली. सांगाडा ओळखीचा आहे. पण स्वार्थमोरचा विद्यार्थी एकाच छपराखाली चित्रकलेपासून इंजिनीअरिंगपर्यंत फिरतो. तालुक्याच्या ज्या कॉलेजात फक्त कला शाखा आहे, तिथे विज्ञानाचा ओपन इलेक्टिव्ह शिकवणार कोण? कागदावर निवड असते, वेळापत्रकात नसते.

अमेरिकेला अर्ज करणाऱ्यांसाठी शोध अवघड नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘कॅटलॉग’ शोधा आणि त्यात पदवीच्या अटी. ज्या वर्षी प्रवेश घ्याल, साधारणपणे त्याच वर्षीचे नियम शेवटपर्यंत लागू राहतात, म्हणून ते पान उतरवून ठेवा. प्रवेशानंतर रजिस्ट्रार कार्यालयाच्या प्रणालीत प्रत्येकाचं ‘डिग्री ऑडिट’ दिसतं: कोणती अट पूर्ण झाली, कोणती बाकी आहे. ते आठव्या सत्रात नव्हे, चौथं सत्र संपताना सल्लागार प्राध्यापकासोबत बसून तपासायचं असतं. तेव्हा एखादी अट राहिलेली दिसली, तरी हाताशी अजून चार सत्रं असतात.