गळ माळ्यावर टाकू नका

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक डावे मनगट धरून दवाखान्यात आले. वय ७१. नदीच्या घाटावर शेवाळावरून पाय घसरला आणि हातावर पडले. हाड मोडले होते. प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी हात बरा झाला. पण तेवढ्यात घरात निर्णय होऊन गेला होता. मुलांनी गुरुजींची गळाची काठी माळ्यावर टाकली. "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. या वयात नदीवर कशाला जायचं?" असे थोरल्याने मला विचारले आणि मीही मान डोलावून म्हणालो, "गुरुजी, पुरे झालं आता. घरी आराम करा."

गुरुजी काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे रविवारची सकाळ आणि निवृत्तीनंतर आठवड्यातले तीन-चार दिवस त्यांनी कृष्णेकाठी काढले होते.

सहा महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा मला धक्का बसला. वजन घटले होते, झोप नव्हती, जेवणात लक्ष नव्हते. आटोक्यात असलेली रक्तातली साखर वाढली होती. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता. मी तपासण्या लिहू लागलो, तेव्हा सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या काय द्यायच्या त्या द्या. पण त्यांचा गळ तेवढा परत द्या."

तपासण्या मी केल्याच, कारण वजन घटण्याची इतर कारणे आधी वगळावी लागतात. त्यांत विशेष काही निघाले नाही. चूक माझीच होती. पडण्याचे कारण शोधायचे सोडून मी त्यांचे पडण्याचे ठिकाणच बंद करून टाकले होते. नदीवर जाणे म्हणजे गुरुजींचे रोजचे दीड-दोन मैल चालणे, सकाळचे ऊन, चार माणसांशी बोलणे आणि मनाचा विसावा होता. हे सगळे एकदम काढून घेतल्यावर स्नायू सैल पडले आणि मनही खचले. म्हातारपणी महिना-दोन महिने बसून काढले तरी पायांची ताकद झपाट्याने जाते आणि ती गेली की पडण्याची भीती उलट वाढते.

आपल्या सातारा-सांगली भागात गळ टाकणारी मंडळी थोडी नाहीत. संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना समोरून येऊन भेटते, हरिपूरला वारणा येते. या काठांवर सकाळी काठी घेऊन बसलेले पिकल्या केसांचे लोक आपण नेहमी पाहतो. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुला-सुनांसाठी आजचा लेख आहे.

वयाबरोबर नेमके काय बदलते?

आपला तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग आणि तळपायांची जाणीव. वयानुसार तिन्ही थोड्याथोड्या मंदावतात. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात. मग पायाखाली दगड सपाट आहे की गोटा, हे कळायला उशीर होतो. तरुण माणूस घसरला तरी क्षणात पाय सावरतो, म्हाताऱ्याचा पाय तेवढ्या चपळाईने पुढे पडत नाही.

घरी करून पाहण्यासारखी एक परीक्षा आहे. भक्कम टेबलाजवळ, शेजारी कोणीतरी असताना, एका पायावर उभे राहा. दहा सेकंद उभे राहता येत नसेल तर नदीकाठच्या ओल्या दगडांवर आपण उभे राहू नये, हे समजून घ्यावे. याचा अर्थ नदीवर जाऊ नये असा नाही. जागा बदलावी, एवढाच आहे.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. तासभर उकिडवे बसून एकदम उठले की रक्त पायांत राहते, मेंदूला क्षणभर कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या यात भर घालतात. आमच्या गुरुजींना खोदून विचारले तेव्हा हेच निघाले. शेवाळ तर होतेच, पण त्याआधी गळाला ओढ लागली म्हणून ते झटकन उठले होते आणि गरगरले होते. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. बसून आणि उभे करून रक्तदाब मोजला की फरक कळतो आणि गोळी किंवा तिची वेळ बदलता येते. उठण्यापूर्वी बसल्या जागी पावले दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवावीत, काठीचा आधार घेऊन उठावे, उभे राहून दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मगच पाऊल टाकावे. तेवढ्यात मासा सुटला तर सुटू द्यावा.

बसणे, हात आणि डोळे

उकिडवे बसण्याने गुडघ्यांवर मोठा ताण येतो. गुडघे झिजलेल्या माणसाने घडीचे स्टूल न्यावे. ते फार बुटके नको. बसल्यावर मांड्या जमिनीला साधारण समांतर राहतील इतके उंच हवे. बाजारात मिळणारी अगदी ठेंगणी स्टुले उठताना उकिडवे बसण्याइतकाच त्रास देतात.

रोज घरी दोन व्यायाम करावेत. खुर्चीवर बसून एक पाय सरळ ताणून पाच-सहा सेकंद धरावा, मग दुसरा. असे दहा-दहा वेळा. दुसरा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे. सुरुवातीला जमले नाही तर हात टेकून करावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी.

खांदा दुखत असेल तर काठी डोक्यावरून फिरवून गळ फेकणे बंद करावे. खालून, कमरेच्या उंचीने झोका देऊन गळ टाकता येतो. अंतर कमी पडेल, पण चिलापी आणि लहान मासे काठाजवळही असतात. जड बांबूऐवजी हलकी काठी घ्यावी. बोटे आखडत असतील तर मुठीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. जाड मूठ धरायला बोटांना कमी जोर लागतो.

डोळ्यांचे म्हणाल, तर गळाच्या भोकात दोरा ओवणे हे चाळिशीनंतर सगळ्यांनाच अवघड जाते. पाच-सहा गळ आदल्या दिवशी घरीच, चांगल्या उजेडात बांधून ठेवावेत. नातवाला हे काम फार आवडते. दोन भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी घाट उतरताना विशेष जपावे. खाली पाहताना नजर वाचनाच्या भिंगातून जाते आणि पायरी अंधुक दिसते. हनुवटी पुरती खाली घेऊन वरच्या भिंगातून पायरी पाहावी किंवा चालण्यासाठी लांबचा वेगळा चष्मा करून घ्यावा. पाण्यावरची तिरीप सहन होत नसेल तर डोळे तपासून घ्यावेत, मोतिबिंदूची ती सुरुवात असू शकते.

पिशवीत काय असावे?

म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात लघवीला सारखे उठावे लागते म्हणून अनेक जण पाणीच पीत नाहीत. आपल्याकडच्या मार्च ते मेच्या उन्हात हे धोक्याचे आहे. पाण्याची बाटली न्यावी, टोपी घालावी आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांच्या सांगण्यानुसार वागावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी काठावर बसू नये. मासे लागू लागले की न्याहारीची वेळ कधी टळली ते कळत नाही. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी असावी आणि सोबत्याला ती कुठे आहे हे ठाऊक असावे.

अनवाणी जाऊ नये. तळ घट्ट पकडणारी बंद चप्पल किंवा बूट वापरावेत आणि घरी आल्यावर तळपाय आरशात पाहावेत. काठच्या गवतात घोणस असते. काठीने गवत हलवून मगच पाय टाकावा.

गळ बोटात रुतला आणि त्याचे उलटे टोक आत गेले, तर ओढून काढू नये. मांस फाटते. दोरा कापावा, स्वच्छ कापड गुंडाळावे आणि दवाखान्यात यावे. आम्ही जागा बधिर करून तो काढतो आणि गरज असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन देतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. वापरण्यापूर्वीच पकडीने ते उलटे टोक दाबून सपाट केले, तर गळ सहज निघतो आणि लहान मासा सोडून देणेही सोपे जाते.

नदीही बदलली आहे

सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. म्हणून पाण्यात पाय सोडून बसणे, कमरेइतक्या पाण्यात उभे राहणे, काठावर वाकून मासे धुणे हे टाळावे. पाण्यापासून दूर, उंचावर बसावे. उन्हाळ्यात मगरीची मादी अंड्यांवर असते, तेव्हा अधिकच जपावे. पावसाळ्यात तर जाऊच नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे कोणी विसरलेले नाही. धरणातून पाणी सोडल्यावर तरुणालाही काठ सोडताना धावपळ होते. शिवाय अनेक मासे पावसाळ्यातच अंडी घालतात. त्यांनाही तेवढी उसंत मिळू द्यावी.

एकट्याने जाऊ नये. कुठे बसणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून जावे. फोन वरच्या खिशात ठेवावा. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दम लागणे असे काही झाले तर "थोड्या वेळाने बरं वाटेल" म्हणून बसून राहू नये.

इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन नावाचा गृहस्थ होऊन गेला. मासेमारीवरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले, तेव्हा तो साठीचा होता. १६७६ साली, ऐंशी उलटल्यावर, त्याची पाचवी आवृत्ती निघाली. पिसांची कृत्रिम माशी करून ती वाहत्या पाण्यावर टाकून मासे धरण्याची तिकडे एक कला आहे. तिच्यावरचा नवा भाग त्याने स्वतः न लिहिता आपल्याहून सदतीस वर्षांनी लहान असलेल्या चार्ल्स कॉटन या मित्राकडे सोपवला. तो स्वतः नव्वदीपर्यंत जगला. नदीचा नाद न सोडता त्यातले काही काम धाकट्याच्या हाती देता येते, एवढे त्याच्याकडून घेण्यासारखे आहे.

गुरुजींच्या बाबतीत आम्ही तेच केले. मुलांना बोलावून घेतले आणि माझी चूक मी त्यांच्यासमोर कबूल केली. गोळीची वेळ बदलली, दीड महिना पायांचे व्यायाम करून घेतले. घाटाची जागा सोडली आणि कडेच्या सपाट, कोरड्या जागी स्टूल ठेवायचे ठरले. आठवड्यातून दोन दिवस, नातू बरोबर असेल तरच. मोठी काठी नातवाकडे गेली. ती देताना गुरुजींचा चेहरा उतरला होता, हे मी पाहिले. पाच किलोच्या माशाशी झुंजायचे दिवस संपले, हे मान्य करणे सोपे नसते. त्याचे दुःख होऊ द्यावे. ते हसण्यावारी नेऊ नये.

तीन महिन्यांत वजन थोडे भरले, झोप आली, साखर उतरली. नदीच्या वाऱ्याने साखर उतरली असे मी म्हणणार नाही. पण जो माणूस सकाळी उठून कुठेतरी निघतो, तो गोळ्याही वेळेवर घेतो आणि जेवतोही वेळेवर. आता गुरुजी शहात्तर वर्षांचे आहेत. परवा मी विचारले, "काय गुरुजी, काही लागलं का?" म्हणाले, "नातवाला लागलं. मी कुठे टाकायचा ते सांगितलं."

माझीही पन्नाशी उलटली आहे आणि जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. म्हणून मुला-सुनांना मी आता एवढेच सांगतो: घरातला म्हातारा माणूस पडला, तर तो का पडला हे आधी डॉक्टरांकडून शोधून घ्या. त्याची काठी माळ्यावर टाकण्याची घाई करू नका.