गावाने घडवले, जगाने नेले

स्वीडनच्या आइस हॉकी लीगमध्ये दरवर्षी एक संघ खाली जातो आणि दरवर्षी काही कोवळी मुले अमेरिकेची वाट धरतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?

आपल्याकडे हॉकी म्हटली की ध्यानचंद आठवतात, ऑलिंपिकची सुवर्णपदके आठवतात. स्वीडनमध्ये मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले की ती बर्फावरचीच. मैदानावरच्या हॉकीला तिथे वेगळे नाव द्यावे लागते. सुमारे साठ मीटर लांबीचे, चारी बाजूंनी फळ्यांनी बंदिस्त केलेले बर्फाचे अंगण, गोलरक्षकासह प्रत्येकी सहा खेळाडू, पायांत धारदार स्केट आणि चेंडूऐवजी टणक रबराची काळी चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. दमछाक एवढी, की खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट खेळतो, बाकावर परततो आणि त्याच्या जागी दुसरा बर्फावर उडी घेतो. खेळ मात्र थांबत नाही.

या खेळातील स्वीडनची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे एसएचएल, अर्थात स्वीडिश हॉकी लीग. १९७५ साली ती ‘एलिटसेरियन’ या नावाने सुरू झाली आणि २०१३ मध्ये तिचे नामांतर झाले. चौदा संघ, प्रत्येकाचे बावन्न साखळी सामने. साठ मिनिटांत जिंकले तर तीन गुण, जादा वेळेत जिंकले तर दोन, आणि जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक. पहिले सहा संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ उरलेल्या दोन जागांसाठी झुंजतात.

पण स्वीडिश माणसाचा जीव टांगणीला लागतो तो तक्त्याच्या तळाशी. तेरावा आणि चौदावा संघ एकमेकांशी सात सामन्यांची मालिका खेळतात. आधी चार सामने जिंकेल तो वाचतो, हरेल तो दुसऱ्या श्रेणीत जातो. त्याची जागा खालच्या श्रेणीचा विजेता घेतो. खाली जाणे म्हणजे केवळ मानहानी नव्हे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारा पैसा आटतो, प्रायोजक हात आखडता घेतात, चांगले खेळाडू दुसरीकडे जातात. आणि एखादा धनाढ्य मालक येऊन क्लब वाचवेल अशी सोयही नाही. स्वीडनमध्ये क्लबच्या कंपनीतील मतांचा बहुमताचा वाटा सभासदांच्या संस्थेकडेच राहिला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे संघ खऱ्या अर्थाने गावाचा असतो आणि त्याची हारही गावाचीच असते.

ताऱ्यांचे गाव

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मोडो हा क्लब. उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावर अर्नशोल्ड्सव्हीक नावाचे तीसेक हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या लाकूड आणि कागद उद्योगातील कंपनीच्या नावावरून क्लबला मोडो हे नाव मिळाले. १९७३ सालच्या जुलै महिन्यात या एकाच गावात दहा दिवसांच्या अंतराने दोन मुले जन्मली. एक पीटर फोर्सबर्ग, दुसरा मार्कुस नेसलुंड. दोघेही पुढे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या जगातील सर्वांत श्रीमंत हॉकी लीगमध्ये नामांकित झाले. फोर्सबर्गने १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध मारलेल्या पेनल्टीवर स्वीडनच्या टपाल खात्याने तिकीट काढले.

त्यांच्यापाठोपाठ आले हेन्रिक आणि डॅनियल हे सेदिन जुळे भाऊ. १९९९ साली व्हँकूव्हर संघाने बरीच उलाढाल करून दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर या दोघांना एकदम उचलले. दोघे तिथे २०१८ पर्यंत एकत्रच खेळले आणि २०२२ मध्ये हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्येही एकत्रच गेले. व्हिक्टर हेडमन हा बचावपटूही याच गावचा. २००९ साली तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

एवढे तारे देणाऱ्या गावाच्या क्लबकडे विजेतेपदे किती असावीत? फक्त दोन, १९७९ आणि २००७ ची. त्यातही एक गंमत आहे. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात एनएचएलचा अख्खा हंगाम बुडाला, तेव्हा फोर्सबर्ग, नेसलुंड आणि सेदिन बंधू असे चौघेही मोडोकडून खेळायला घरी परतले. कागदावर त्या संघाला तोड नव्हती. पण चषक नेला गॉथेनबर्गच्या फ्रोलुंडाने. दोन वर्षांनी मोडोने विजेतेपद पटकावले, तेव्हा या चौघांपैकी संघात कोणीही नव्हते!

पुढे उतरती कळा लागली. २०१६ मध्ये मोडो खालच्या श्रेणीत गेला, सात वर्षे तिथे राहिला, २०२३ मध्ये मोठ्या जल्लोषात वर आला आणि २०२५ मध्ये एचव्ही ७१ या संघाशी झालेल्या जगण्या-मरण्याच्या मालिकेत हरून पुन्हा खाली गेला. गावाची कूस उजवली तरी क्लबची ओंजळ भरतेच असे नाही, हे मोडोने दोनदा अनुभवले.

होतकरू ओळखायचा कसा?

एनएचएलचे संघ दर उन्हाळ्यात जगभरातील तरुण खेळाडूंची क्रमवार निवड करतात. त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण करणारी मुले निवडीस पात्र ठरतात. वरच्या क्रमांकावर निवड झाली की मुलाचे नाव रातोरात देशभर होते. पण अठराव्या वर्षी लावलेला हा अंदाज कितपत खरा ठरतो?

१९९९ साली सेदिन बंधूंवर सगळ्यांच्या नजरा होत्या. त्याच निवडीत डेट्रॉइट संघाने टिमरो या छोट्या क्लबचा एक किरकोळ अंगाचा मुलगा २१० व्या क्रमांकावर घेतला. त्याचे नाव हेन्रिक झेटरबर्ग. २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. पुढच्याच वर्षी, २००० साली, फ्रोलुंडाचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ व्या क्रमांकापर्यंत कोणाला नको होता. २०१२ मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. आणि निकलास लिडस्ट्रॉम? १९८९ मध्ये तो ५३ व्या क्रमांकावर गेला आणि सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक त्याने सात वेळा मिळवला.

उलट बाजूही आहे. २०१७ च्या निवडीत पहिल्या सातांत दोन स्वीडिश मुले होती. पाचवा एलियास पेटरसन, सातवा लियास अँडरसन. त्या क्षणी अँडरसनची बाजू भक्कम वाटावी अशीच होती, कारण तो नुकताच एचव्ही ७१ कडून स्वीडनचे विजेतेपद जिंकून आला होता. पेटरसन मात्र दुसऱ्या श्रेणीत टिमरोकडून खेळत होता. पुढच्या हंगामात पेटरसन व्हेक्शो संघाकडे आला आणि एसएचएलच्या ४४ सामन्यांत त्याने ५६ गुण केले. इथे गोल करणाऱ्याला आणि गोलसाठी पास देणाऱ्यालाही प्रत्येकी एक गुण मिळतो. वीस वर्षांखालील खेळाडूचा ५३ गुणांचा विक्रम १९७५-७६ पासून केंट निल्सनच्या नावावर होता. तो मोडला. व्हेक्शोने विजेतेपदही जिंकले. २०१९ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित म्हणून पेटरसनचा गौरव झाला. अँडरसनचा न्यूयॉर्कमध्ये जम बसला नाही आणि २०२० मध्ये भर हंगामात तो पुन्हा एचव्ही ७१ कडे परतला.

म्हणूनच जाणकार केवळ गुणांचा आकडा पाहत नाहीत. मुलगा मोठ्यांच्या संघात खेळतो की कनिष्ठ गटात? प्रशिक्षक त्याला सामन्यात किती मिनिटे देतो? संघ एका गोलने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत त्याच्यावर विश्वास टाकतो का? २०२३ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला लिओ कार्लसन याच्या नावावर ओरेब्रू संघाकडून ४४ सामन्यांत २५ गुण होते. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण अठराव्या वर्षी, अंगापिंडाने दुप्पट वाटणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंच्या गर्दीत मिळवलेले ते २५ गुण आहेत, हे पाहणाऱ्यांनी हेरले.

आईवडिलांची कसोटी

या यशाची किंमत आधी घर मोजते. स्वीडनमध्ये शालेय शिक्षणाच्या वरच्या टप्प्यात हॉकीचे प्रशिक्षण देणारी खास विद्यालये आहेत. चांगल्या क्लबजवळच्या विद्यालयात प्रवेश मिळाला, की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून परगावी राहायला जातो. कार्लसनचा जन्म कार्लस्टाडचा. त्या शहरात फर्येस्ताद हा मातब्बर क्लब असूनही त्याने वाट धरली ती ओरेब्रूची. पेटरसन ओंगे या लहानशा गावचा. त्याचे वडील गावच्या बर्फाच्या मैदानावर यंत्राने बर्फ सारखा करण्याचे काम करीत. त्यामुळे एलियास आणि त्याचा थोरला भाऊ एमिल यांना सगळे निघून गेल्यावरही सराव करता येई. पुढे दोघेही व्यावसायिक खेळाडू झाले.

पण अशा शेकडो मुलांपैकी एसएचएलपर्यंत पोहोचतात ती मोजकीच, आणि अमेरिकेत टिकतात ती त्याहून कमी. तिथल्या विद्यालयांत हॉकीबरोबर नेहमीचे शिक्षणही पूर्ण करावे लागते, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. खेळ सुटला तरी मुलाच्या हाती काहीतरी राहते.

परतीची वाट

मग क्लबने करायचे काय? मुले घडवायची आणि निरोप देत बसायचे? याचे एक उत्तर येव्ले शहराच्या ब्रिनेस क्लबने दिले. १९७३ मध्ये टोरांटोला जाऊन स्वीडिश खेळाडूंसाठी अमेरिकेचे दार उघडणारा बर्ये साल्मिंग याच क्लबचा. १९६० पासून ब्रिनेस सलग सर्वोच्च श्रेणीत होता. २०२३ मध्ये तो खाली गेला, तेव्हा त्रेसष्ट वर्षांची परंपरा तुटली. पण क्लब एका वर्षात वर आला. २०२४ मध्ये याकोब सिल्फव्हरबर्ग परतला. त्याच्याच नेतृत्वाखाली ब्रिनेसने २०१२ चे विजेतेपद जिंकले होते आणि त्यानंतर तो बारा वर्षे एनएचएलमध्ये खेळला. २०२५ मध्ये ब्रिनेसने थेट अंतिम फेरी गाठली. तिथे लुलिओने त्यांना हरवले. लुलिओसाठी ते १९९६ नंतरचे पहिले विजेतेपद होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ब्रिनेसमध्येच घडलेला निकलास बेकस्ट्रॉम वॉशिंग्टनहून घरी आला. जाताना जी मुले होती, ती अनुभवी गडी होऊन परतली.

दुसरे उत्तर राजधानी स्टॉकहोमचे. सोळा विजेतेपदे, म्हणजे देशात सर्वाधिक, नावावर असलेला यूरगोर्देन २०२२ मध्ये खाली गेला आणि सर्वोच्च श्रेणीत राजधानीचा एकही संघ उरला नाही. २०२३ मध्ये तो वर येण्याच्या अंतिम मालिकेत मोडोकडून हरला, २०२४ मध्ये ब्रिनेसकडून. २०२५ मध्ये तिसऱ्या प्रयत्नात जमले. या वेळी संघात अँटन फ्रोंडेल आणि व्हिक्टर एकलुंड ही अठराच्या आसपासची दोन मुले होती. त्याच उन्हाळ्यात शिकागोने फ्रोंडेलला तिसऱ्या क्रमांकावर आणि न्यूयॉर्क आयलंडर्सने एकलुंडला सोळाव्या क्रमांकावर निवडले. खालच्या श्रेणीत क्लबला नाइलाजाने मुलांवर भिस्त ठेवावी लागली, आणि त्या संधीतून क्लबही वर आला व मुलेही.

तिसरे उत्तर धीराचे आहे. शेलेफ्तिओ हेही उत्तरेकडचे, मोडोच्या गावाएवढेच गाव. १९९० मध्ये खाली गेलेला त्यांचा संघ तब्बल सोळा वर्षे तिथेच राहिला आणि २००६ मध्ये परतला. २०११ मध्ये गावचा अॅडम लार्सन चौथ्या क्रमांकावर निवडला जाऊन न्यू जर्सीला गेला. तरीही २०११ ते २०१६ अशी ओळीने सहा वर्षे शेलेफ्तिओ अंतिम फेरीत होता. त्यात २०१३ आणि २०१४ ची विजेतेपदे त्यांनी मिळवली, आणि २०२४ मध्ये आणखी एक. एक मुलगा गेला की त्याच्या जागी उभा राहायला दुसरा तयार हवा, एवढाच त्याचा अर्थ.

मोठी नावे असूनही २००५ मध्ये मोडो रिकाम्या हाताने राहिला. २०१७ मध्ये विजेता ठरलेला एचव्ही ७१ चारच वर्षांत, २०२१ मध्ये, खाली गेला आणि एका वर्षाने परत आला. या लीगमध्ये आजच्या गुणतक्त्यावर उद्याचा हवाला देता येत नाही. एखाद्या संघाचे पुढे कसे चालेल हे जाणून घ्यायचे असेल, तर वसंतात त्याचे कोण जाणार आहे, कोण परतणार आहे आणि कनिष्ठ संघातील कोणाला मोठ्यांबरोबर खेळायला मिनिटे मिळत आहेत, हे पाहावे लागते. स्वीडनमधील गावे आपली गुणी मुले अडवून धरत नाहीत. ती गेल्यावर मैदानावर उतरणाऱ्या पुढच्या मुलांकडे ज्या गावाचे लक्ष असते, त्या गावाचा संघ तग धरतो.