सॉफ्टवेअरकारांच्या गप्पा

संगणकासाठीं आज्ञावल्या रचणारी जी मंडळी आहे, तिला आपण हल्लीं सॉफ्टवेअर इंजिनीयर किंवा डेव्हलपर या नांवानें ओळखतों. पुण्या-मुंबईकडे ज्या घरचा एखादा मुलगा, मुलगी किंवा जांवई या धंद्यांत नाहीं, असें घर आतां शोधावें लागतें. या मंडळींच्या कामाविषयीं आणि पगाराविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु काम क्षणभर बाजूला सारून हीं माणसें एकमेकांशीं ज्या गप्पा मारतात, त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि गेलेंच, तर तो वेळेचा अपव्यय म्हणून सोडून दिला जातो. आज मीं त्या गप्पांचाच विषय घेतला आहे. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. तथापि ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे कसें जातें, हा माझ्या सबंध आयुष्याच्या व्यवसायाचा प्रश्न असल्यामुळें या गप्पांविषयीं मला कुतूहल वाटत आलें आहे.

प्रत्येक धंद्याला त्याचा पार असतो. शेतकऱ्यांच्या पाऊसपाण्याच्या गोष्टी गांवच्या पारावर होतात, तर कारागिरांच्या गोष्टी त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर. सॉफ्टवेअरकारांची अडचण अशी, कीं एकाच कामावरचीं माणसें पुष्कळदां निरनिराळ्या देशांत विखुरलेलीं असतात. म्हणून त्यांनीं आपला पार तारेवर बांधला. १९८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंडमधील औलू विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन यांनीं 'इंटरनेट रिले चॅट' नांवाची व्यवस्था तयार केली. तिच्यांत विषयवार खोल्या असतात. खोलींत शिरलेल्या माणसानें एक ओळ लिहून पाठविली, कीं ती त्या खोलींतील सर्वांच्या पडद्यावर तत्काळ उमटते. एका निरोपाला अवघ्या ५१२ अक्षरचिन्हांची मर्यादा असल्यामुळें लांबलचक व्याख्यानास तेथें वावच नव्हता. बोलणारे थोडे आणि मुकाट्यानें ऐकणारे पुष्कळ, असें या खोल्यांचें स्वरूप असतें. पुढें २०१३ सालीं 'स्लॅक' आणि २०१५ सालीं 'डिस्कॉर्ड' अशीं नवीं साधनें आलीं; परंतु बैठकीची ही मूळ घडी फारशी बदलली नाहीं.

या खोल्यांतून बोलणें काय चालतें? वरवर पाहतां अगदींच किरकोळ. कोणाला सकाळपासून एक चूक सांपडत नसते. कोणी वरिष्ठांनीं घातलेल्या अशक्य मुदतीबद्दल कुरकुरत असतो. ओळीच्या आरंभीं सोडावयाची जागा 'टॅब'च्या कळीनें सोडावी कीं 'स्पेस'च्या, यावर तर जन्मभर वाद घालणारे लोक आहेत. परंतु धंद्याचें जें ज्ञान पाठ्यपुस्तकांत उतरत नाहीं, तें या किरकोळ बोलण्याच्या पोटांतूनच हातोहात पुढें जात असतें. त्यांच्या बोलण्यांतल्या तीन शब्दांचा इतिहास पाहिला, म्हणजे माझें म्हणणें ध्यानांत येईल.

पहिला शब्द 'बग', म्हणजे किडा. प्रोग्रॅममधील दोषाला हें नांव आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या यंत्रांत एक पाकोळी अडकलेली सांपडली. तेथील मंडळींनीं ती नोंदवहींत चिकटविली आणि किडा प्रत्यक्ष हातीं लागल्याचा हा पहिलाच प्रसंग, असा शेरा शेजारीं मारला. पुष्कळांचा समज असा, कीं शब्द तेथून निघाला. पण तो त्याहून जुना आहे. एडिसन यांच्या १८७८ सालच्या एका पत्रांत तो आढळतो. शब्द आधींपासून रुळलेला होता म्हणूनच तर त्या शेऱ्यांत गंमत होती. ती वही आतां वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जपून ठेवली आहे.

दुसरा शब्द 'बाइकशेड', म्हणजे सायकली ठेवण्याची पडवी. पार्किन्सन नांवाच्या इंग्रज लेखकानें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत एका समितीचें विनोदी वर्णन केलें आहे. अणुभट्टीचा प्रचंड खर्च ती समिती चटकन् मंजूर करते, कारण तींतलें कोणालाच कांहीं कळत नाहीं. पण सायकलींच्या पडवीवर मात्र चर्चा लांबतच जाते, कारण पडवी सर्वांना कळते. १९९९ सालच्या ऑक्टोबरांत 'फ्री बीएसडी' ही प्रणाली घडविणाऱ्या मंडळींत एका बारीकशा सुधारणेवरून असाच रेंगाळलेला वाद झाला. संगणकास कांहीं सेकंद थांबावयास सांगणारी जी आज्ञा आहे, तिला सेकंदाचा अपूर्णांकही चालावा कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता! तेव्हां पोल-हेनिंग काम्प या डॅनिश सॉफ्टवेअरकारानें सर्वांना त्या पडवीची आठवण करून दिली. तेव्हांपासून चर्चा भरकटूं लागली, कीं कोणीतरी हा एकच शब्द उच्चारतो आणि मंडळी ओशाळून जाग्यावर येतात.

तिसरें नांव रबरी बदकाचें. १९९९ सालीं हंट आणि टॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकानें तें प्रसिद्धीस आणलें. चूक सांपडेनाशी झाली, कीं टेबलावर रबराचें बदक ठेवावें आणि आपला प्रोग्रॅम त्याला एकेक ओळ करून समजावून सांगावा. सांगतां सांगतां चूक आपोआप दिसते. दुसऱ्यास शिकवितांना आपल्यालाच विषय नीट कळतो, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला नवा नाहीं. आतां पाहा, चूक होणें ही लाजेची गोष्ट नव्हे, वाद लांबला तर विषय क्षुल्लक आहे कीं काय हें तपासावें, आणि समजावून सांगणें हा शोधाचाच एक मार्ग आहे, हे तीन मोठे धडे नवशिक्याला केवळ थट्टेच्या तीन शब्दांतून मिळून जातात.

परंतु या पाराला एक मोठें व्यंग आहे. तेथें बोलणाराचा चेहरा दिसत नाहीं आणि आवाजही ऐकूं येत नाहीं. त्यामुळें थट्टा कोणती आणि खरें कोणतें, हें कळत नाहीं. १९८२ सालीं पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांतील मंडळी संगणकावरील आपल्या सूचनाफलकावर एक कोडें चघळीत होती. तुटून कोसळणाऱ्या लिफ्टमधील पाऱ्याच्या थेंबाचें आणि जळत्या मेणबत्तीचें काय होईल, असें तें कोडें होतें. त्यावर कोणी थट्टेनें सूचना लावली, कीं प्रयोगामुळें एका लिफ्टमध्यें पारा सांडला असून थोडी आगही लागली आहे. कांहींना ती खरीच वाटली! तेव्हां थट्टेला कांहीं खूण असावी असा विचार निघाला. १९ सप्टेंबर रोजीं स्कॉट फालमन यांनीं ती सुचविली: एकाखालीं एक दोन टिंबें, पुढें आडवी रेघ आणि शेवटीं कंसाचा मिटणारा अर्धा भाग. मान डावीकडे कलती करून पाहिलें, कीं हसरा चेहरा दिसतो. ही खूण विनोदासाठीं जन्मली खरी, परंतु तिचें काम सौजन्याचें आहे. 'माझ्या मनांत वांकडें नाहीं' एवढेंच ती सांगते.

हें सौजन्य किती मोलाचें असतें, हें दुसऱ्या एका प्रसंगावरून दिसेल. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'मिनिक्स' प्रणालीच्या अभ्यासकांच्या चर्चामंडळांत सहज एक निरोप लिहिला. मी एक छोटी प्रणाली हौसेखातर करीत आहें, ती कांहीं मोठी होणार नाहीं, तरी मिनिक्समध्यें आपणांस काय आवडतें आणि काय आवडत नाहीं तें कळवावें, अशा आशयाचा तो निरोप होता. लोकांनीं आस्थेनें उत्तरें दिलीं, मग हातभार लावला, आणि त्यांतून 'लिनक्स' उभें राहिलें. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीं तेंच आहे. पुढें याच गृहस्थांच्या जहाल भाषेनें अनेक सहकारी दुखावले. १६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्यांनीं जाहीर क्षमा मागितली, कांहीं आठवडे कामांतून रजा घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्सच्या मंडळींनीं वर्तनाचे नवे नियमही स्वीकारले. ज्याला स्वतःला आस्थेचीं उत्तरें मिळालीं होतीं, त्याच्याही लेखणीला लगाम लागतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

अशा बैठकीची खरी परीक्षा नवख्याच्या पहिल्या प्रश्नाच्या वेळीं होते. १९९५ सालच्या ऑक्टोबरांत सॅली हॅम्ब्रिज यांनीं इंटरनेटवरील शिष्टाचाराची एक संहिता लिहिली. चर्चेंत बोलण्यापूर्वीं एक-दोन महिने नुसतें वाचावें, आणि इंग्रजी मजकूर सगळा मोठ्या लिपींत लिहूं नये, कारण तें ओरडल्यासारखें वाटतें, अशीं तिच्यांत साधीं कलमें आहेत. जाणत्यांनीं मात्र कित्येकदां 'आधीं पुस्तक वाचा' असें तुसडें उत्तर देऊन नवख्यास परत धाडलें. 'स्टॅक ओव्हरफ्लो' हें २००८ सालीं सुरू झालेलें सॉफ्टवेअरकारांचें प्रश्नोत्तरपीठ. तेथें गप्पांना मज्जाव आणि नेमक्या उत्तरास मान. त्याचा उपयोग असंख्यांना झाला. तरीही २०१८ सालीं त्याच्या चालकांनींच जाहीरपणें मान्य केलें, कीं नवख्यांना येथें परकेपणा वाटतो.

आमच्या मराठी शाळांतून या धंद्यांत गेलेले माझे कांहीं विद्यार्थी सांगतात, कीं पहिलीं एक-दोन वर्षें ते अशा खोल्यांत मुके बसून होते. इंग्रजी चुकेल या भीतीनें प्रश्न लिहावा आणि पाठविण्याआधींच पुसून टाकावा. शेवटीं कोणा अनोळखी माणसानें भाषेकडे न पाहतां उत्तर दिलें आणि त्यांची भीड चेपली.

२०२२ सालच्या नोव्हेंबरांत 'चॅट जीपीटी' आलें. यंत्र कंटाळत नाहीं, हिणवीत नाहीं, आणि मराठींतही उत्तर देतें. त्यानंतर त्या प्रश्नोत्तरपीठावर येणारे प्रश्न फारच कमी झाले, यांत नवल नाहीं. नवख्याची यांत सोय झाली, हें मी मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु वर्गांत एका मुलानें प्रश्न विचारला, म्हणजे ज्यांना विचारण्याचें धाडस होत नव्हतें अशा दहाजणांची शंका फिटते. यंत्राशीं एकांतांत झालेलें बोलणें त्या एकट्यापुरतेंच राहतें. खोलींत मुकाट्यानें ऐकणारा जो मोठा वर्ग असतो, त्याच्या कानांवर कांहींच पडत नाहीं. आणि उत्तर देतां देतां जाणत्याला स्वतःला जें उमगतें, तेंही राहून जातें.

म्हणून माझी या मंडळींना एवढीच विनंति आहे: यंत्राला अवश्य विचारा, पण पार ओस पडूं देऊं नका. कोणी नवखा चांचरत कांहीं विचारील, तेव्हां त्याच्या भाषेपेक्षां त्याच्या शंकेकडे पाहा. आणि घरच्या वडीलमंडळींना सांगावयाचें तें असें, कीं मुलगा किंवा सून पडद्याकडे पाहून हसतांना दिसली, तर ती वेळ फुकट घालवीत आहे असें लगेच समजूं नका. कदाचित् ती दूरच्या कोणा अनोळखी माणसाला त्याची चूक शोधावयास मदत करीत असेल.