साखळीचं मत : फुलापासून सात सेकंदांच्या चिठ्ठीपर्यंत

१६ जानेवारी १९६७. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, याचा कौल त्या दिवशी घेतला गेला. विलीनीकरणासाठी निशाणी होती फूल, केंद्रशासितासाठी दोन पानं. पेडणे, डिचोलीकडचा कल फुलाकडे होता. जिंकली मात्र पानं, ३४,०२१ मतांनी. तेव्हाचा प्रचार म्हणजे सभा, गाणी आणि वृत्तपत्रं. 'गोमन्तक' एका बाजूला, 'राष्ट्रमत' दुसऱ्या. दोन्ही मराठीच, हे विशेष!

मतदानाच्या तंत्रज्ञानातही गोवा मागे नाही. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्व ४० मतदारसंघांत व्हीव्हीपॅट यंत्रं वापरणारं हे पहिलं राज्य. आपलं मत कुठे गेलं, ते काचेआडच्या चिठ्ठीवर सात सेकंद दिसतं.

पण यंत्राने चुरस थोडीच कमी होते? २०२२ मध्ये साखळी मतदारसंघात खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत जेमतेम ६६६ मतांनी निवडून आले. इतक्या अटीतटीच्या गावात राजकारणाचा वाद तिठ्यावरच रंगावा. व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड करून संपतो. तिठ्यावर समोरच्याचं उत्तरही ऐकावं लागतं.