चारपेक्षा जास्त नाही

डिसेंबरची सकाळ. अमरावती रोडवर बाजारगावच्या फाट्याला धुकं अजून रस्त्यावरून उठलेलं नाही. ट्रक दिवे लावूनच कोंढाळीकडे चाललेत. टपरीवर पोह्यांचं पातेलं उतरलंय, शेजारी तर्री रटरटतेय. रस्त्याच्या कडेला बायकांचा घोळका उभा आहे. साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात डबा. कोणी सातनवरीची, कोणी शिव्याची, कोणी धामण्याची. कुठं काम करता विचारलं, तर कंपनीचं नाव कोणी घेत नाही.

"बारूद कंपनीत."

या पट्ट्यात तेवढं सांगितलं तरी पुरतं. देशातल्या कोळसा खाणींना आणि दगडखाणींना लागणाऱ्या स्फोटकांचा मोठा वाटा नागपूर जिल्ह्यात तयार होतो. त्या स्फोटकांना परवाने देणारी केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालयही नागपुरातच आहे. म्हणजे जोखीम आणि जोखमीवर नजर ठेवणारं कार्यालय, दोन्ही एकाच जिल्ह्यात.

बस येते. मी तिच्यामागोमाग कारखान्याच्या फाटकाशी पोचतो. आत जाण्याची परवानगी मिळाली आहे, कारखान्याचं नाव छापणार नाही या अटीवर.

फाटकावर मोबाइल लाकडी खणात जातो. काडेपेटी, लायटर, घड्याळ, किल्ल्या, सगळं काढून ठेवायचं. माझ्यापुढच्या पोराच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी निघते.

"भाऊ, हे तरी राहू द्या नं."

"संध्याकाळी घेऊन जाजो," सुरक्षारक्षक हसतसुद्धा नाही.

बायकांची तपासणी पडद्यामागे चालू आहे. बांगड्या, पैंजण, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं डब्यात पडतं. एका नव्या मुलीचं जोडव्यापाशी अडतं. लग्नाला महिनाही झालेला नाही, सासूनं काढायचं नाही म्हणून बजावलंय. दहा-बारा वर्षं इथं काम करणारी एक मावशी तिच्या पायाशी बसते, बोटाला साबण लावते आणि जोडवं अलगद काढते.

"सासूले सांगजो, कंपनीत लोखंड चालत नाही, चांदी चालत नाही. ठिणगीले काही समजत नाही, माणूस कुणाचा हाये ते."

पुढं सुती गणवेश मिळतो. त्याला खिसे नाहीत. नायलॉनचा धागाही नको, कारण अंगावर घासून वीज साठते. ही साठलेली वीज म्हणजे या कामातला मोठा वैरी. हिवाळ्यात हवा कोरडी पडते, तेव्हा ती जास्तच साठते. म्हणून या दिवसांत शेडमधली हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. खिळे नसलेले खास बूट घालून प्रत्येक जण एका यंत्रावर उभा राहतो. अंगातली वीज बुटांवाटे जमिनीत उतरत असेल तर हिरवा दिवा लागतो. माझा लाल लागतो. बूट बदलून देतात, मग हिरवा.

सात वाजता मोकळ्या पटांगणात रांगा लागतात आणि सुरक्षेची शपथ होते. एक सुपरवायझर पुढं म्हणतो, बाकीचे हात पुढे करून मागे म्हणतात: नियम पाळीन, साधनं वापरीन, माझी आणि सोबत्याची काळजी घेईन. आवाज खणखणीत आहेत. मी रांगांवरून नजर फिरवतो. कामगार आहेत, ठेकेदाराची माणसं आहेत, सुपरवायझर आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत. आज किती माल निघाला पाहिजे हे ठरवणारं मात्र कोणी नाही. त्यांच्या गाड्या नऊनंतर येतात.

शपथ संपते आणि माणसं पांगतात. इथं एका छताखाली शंभर जण दिसत नाहीत. छोट्या छोट्या शेड एकमेकींपासून लांब उभ्या आहेत, मध्ये मातीचे उंच बांध. एका शेडमध्ये काही झालंच तर मार वर जावा, शेजारी नको, म्हणून हे बांध. दारं बाहेर उघडणारी. खाली सफाईनं पुसलेली, खड्यासारखा खडा नसलेली जमीन. हत्यारं पितळेची नाही तर लाकडाची. दाराशी तांब्याची पट्टी. आत जाणारी प्रत्येक बाई तिला तळहात लावते आणि मगच उंबरा ओलांडते.

पॅकिंगच्या शेडवर पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरांत दोन आकडे आहेत. एक माणसांचा, एक स्फोटकांच्या किलोंचा. माणसांचा आकडा 4.

मी आत पाऊल टाकणार, तोच जोडवं काढणारी मावशी हात आडवा धरते.

"तुम्ही आत आले तर आमच्यातली एक बाहेर येईन. पाच नाही चालत."

मी पाव्हणा आहे, परवानगी आहे, सोबत सुरक्षा अधिकारी आहेत. यातलं काहीच तिच्या हिशेबात बसत नाही. अधिकारीही गप्प राहतात. बाई बरोबर बोलतेय हे त्यांना माहीत आहे. मी बांधापलीकडे उभं राहून पाहायचं ठरतं.

अधिकारी मला पाटीचं गणित समजावतात. स्फोट झाला तर किती जीव जातील, ते त्या क्षणी आत किती माणसं आहेत यावर ठरतं. म्हणून माणसांचा आकडा. दुसरा आकडा मात्र आतल्यांपेक्षा शेजारच्यांसाठी आहे. दोन शेडमधलं अंतर परवान्यात ठरतं ते आत किती किलो माल राहणार हे धरून. मर्यादेपेक्षा चार खोकी जास्त ठेवली की भिंत तिथंच असते, बांध तिथंच असतो, तरी सुरक्षित अंतर मोडलेलं असतं. शेजारच्या शेडमधल्या बायकांना त्याचा पत्ताही नसतो.

1884चा स्फोटके कायदा आणि 2008चे स्फोटके नियम अशाच गोष्टी सांगतात. वादळ, विजा जवळ आल्या की काम थांबवून माणसं बाहेर काढा. अठरा वर्षांखालच्याला आत घेऊ नका. दारू प्यालेल्याला हात लावू देऊ नका. वाचताना नियम साधे वाटतात. साडेदहाच्या सुमाराला पॅकिंगच्या शेडपुढं उभं राहिल्यावर कळतं, ते पाळणं केवढं अवघड आहे.

तयार माल मॅगझिनमध्ये, म्हणजे कोठारात, नेणारी गाडी आज वेळेवर आलेली नाही. शेडमध्ये खोकी साचू लागलीत. मागच्या शेडमधून नवा माल घेऊन एक पोरगा हातगाडी ढकलत येतो. मावशी दारातूनच ओरडते, "थांब तिथंच!"

"सुपरवायझरनं पाठवलं मले."

"त्याले पाठव मंग."

सुपरवायझर येतो. तिशीचा, घामेजलेला. महिनाअखेर जवळ येतेय, त्याच्या डोक्यावर टार्गेट आहे.

"गाडी येऊनच राहिली, मावशी. पाच-दहा मिनिटं आत ठेवा फक्त."

"पाटीवर पाच-दहा मिनिटं लिहिलं नाही."

"तुमच्यापायी मागची लाइन बंद पडते नं."

"पडू द्या."

एवढं बोलून ती हातातलं काम थांबवते. बाकीच्या तिघी तिच्याकडे पाहतात, मग त्याही थांबतात. सुपरवायझरचा चेहरा उतरतो. तो सुरक्षा अधिकाऱ्यांकडे बघतो. अधिकारी क्षणभर घुटमळतात, मग म्हणतात, "माल मागं न्या. मागच्यांनाही थांबायला सांगा." पोरगा हातगाडी वळवतो. गाडी येईपर्यंत दोन्ही शेड बंद राहतात. बांधापलीकडे चिमण्यांचा आवाज ऐकू येतो, इतकी शांतता.

या पट्ट्यातल्या माणसांना ही शांतता महागात पडलेली नाही. तिचा अभाव पडलाय. 17 डिसेंबर 2023ला इथंच बाजारगावजवळ सोलर इंडस्ट्रीजमधल्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. 13 जून 2024ला धामण्याच्या चामुंडी एक्स्प्लोझिव्हमध्ये पॅकिंगच्याच विभागात भर दुपारी स्फोट झाला; मेलेल्यांत विशीतल्या मुली होत्या. 24 जानेवारी 2025ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. ती तर सरकारची निर्माणी. पुढच्याच महिन्यात काटोल तालुक्यातला फटाक्यांचा कारखाना, एप्रिलमध्ये उमरेडच्या एमआयडीसीतला ॲल्युमिनियमचा कारखाना. प्रत्येक वेळी फाटकावर गर्दी, रस्ता रोको, मदतीची घोषणा, चौकशी समिती. काही दिवसांनी बस पुन्हा त्याच फाट्यावर थांबते. घरी दुसरी कमाई नाही, शेतात कापूस-संत्रं आहे पण त्यावर वर्ष निघत नाही. बायका बसमध्ये चढतात.

दुपारी दीड वाजता सुरक्षा समितीची बैठक आहे. लांब टेबल, स्टीलच्या पेल्यांत पाणी, भिंतीवर सुरक्षा सप्ताहाची जुनी पोस्टर. 4 मार्च 1966ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. बक्षीस मिळालेली घोषवाक्यं वर्षभर भिंतीवर राहतात. मावशी कामगारांची प्रतिनिधी म्हणून बसलीय. सकाळची घटना 'थोडक्यात टळलेला प्रसंग' म्हणून रजिस्टरात उतरते. रकाने आखलेले आहेत: काय घडलं, कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती, मुदत.

लिहिणारा मुलगा 'जबाबदार व्यक्ती'खाली सवयीनं लिहितो: सर्व कामगार.

मी मागची पानं चाळायला मागतो. घसरडी पायरी: सर्व कामगार. अर्थिंगची तार सैल: सर्व संबंधित. गाडीला उशीर, याआधीही दोनदा: सर्व संबंधित. मुदतीचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा.

मावशी चष्मा नाकावर सरकवून विचारते, "गाडी मी चालवतो का? मंग माझं नाव कायले?"

टेबलाभोवती हसू फुटतं, पण प्रश्न हसण्यावारी जात नाही. सुरक्षा अधिकारी पेन हातात घेतात, 'सर्व कामगार' खोडतात आणि वाहतूक विभागाच्या प्रमुखाचं नाव लिहितात. मुदत: शनिवार. ते प्रमुख बैठकीला आलेले नाहीत. त्यांना फोन लागतो, ते पलीकडून काहीतरी तावातावानं बोलतात. अधिकारी शांतपणे म्हणतात, "साहेब, नाव लिहून झालंय."

कायद्याची भाषाही हीच आहे. 1948च्या कारखाने अधिनियमानं सुरक्षेचं पहिलं कर्तव्य टाकलं होतं भोगवटादारावर. कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एकावर. 21 नोव्हेंबर 2025पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 हिनं घेतली आहे. तेरा जुने कायदे तिच्यात विरघळलेत. तिच्यातही कर्तव्यांची यादी मालकापासून सुरू होते: धोक्यापासून मुक्त कामाची जागा, ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, प्रत्येकाच्या हाती नेमणूकपत्र. नियम पाळणं, धोका दिसला की कळवणं, हे कामगाराचं कर्तव्य त्यानंतर येतं. जिवावर बेतेल असा धोका वाटला तर तो थेट मालकाला किंवा समितीच्या सदस्यामार्फत कळवायचा आणि त्याच वेळी निरीक्षकालाही, हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. समिती नेमली गेली तर तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. कर्तव्यात कसूर झाल्यानं मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निम्मा तरी वाटा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

पण याच संहितेनं कारखान्याची व्याख्या वरही नेली आहे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी दहा कामगारांना कारखाना होत असे, आता वीस लागतात. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा होतो तो अडीचशे कामगारांपासून. काटोलकडच्या आडवाटेवरच्या फटाक्याच्या शेडमध्ये अडीचशे माणसं कधी असणार? तिथं हातगाडी परत फिरवा असं म्हणणारा अधिकारी बहुधा नसेल. मावशीसारखी बाई असेल, पण ठेकेदाराच्या रोजंदारीवर. काम थांबवलं तर उद्या बसमध्ये जागा मिळेल का, हे तिलाच ठाऊक नसेल.

बैठक संपते. मावशी जाता जाता अधिकाऱ्यांना विचारते, "साहेब, माझं नेमणूकपत्र?" ते म्हणतात, कार्यालयात सांगतो. ती म्हणते, "हेही लिहा मंग रजिस्टरात. नाव आणि तारीख टाकून."

ते लिहितात.

बारूद कंपनीत असो, बुटीबोरीच्या प्रेस शॉपमध्ये असो, की घरासमोर चालू असलेल्या इमारतीच्या परांचीवर, सुरक्षेचा नियम पाळायला आपण कामगाराला शिकवतो आणि न पाळल्याबद्दल त्यालाच बोल लावतो. काम थांबवण्याचा अधिकार मात्र त्याच्या हातात देत नाही, आणि टार्गेट ठरवणाऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात लिहीत नाही. 'सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी' ही पाटी प्रत्येक फाटकावर आहे. तिच्याखाली एका माणसाचं नाव, त्याचं पद आणि तारीख लिहिलेली नसेल, तर ती जबाबदारी कोणाचीच नाही. तुम्ही जिथं काम करता, तिथलं रजिस्टर एकदा मागून पाहा, आणि चौथ्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा.