ब्राउनिंगचं पिस्तूल: जपणारे आणि घासणारे

सिंगरच्या शिलाई मशिनावर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांचे परकर-पोलके शिवून झाले. याच कंपनीनं एकदा पाचशे पिस्तुलंही बनवली होती, आणि आज अमेरिकेतल्या संग्राहकांना त्यांतलं एखादं हाती लागलं तर जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. लिलावात त्याला लाखाच्या वर डॉलर मोजले गेले आहेत. गंमत अशी, की पिस्तूल म्हणून त्यात वेगळं काही नाही. आराखडा तोच, काडतूस तेच, वजन तेच. तसलीच पिस्तुलं कोल्ट कंपनी आधीची तीस वर्षं बनवत होती आणि रेमिंग्टन रँडनं पुढे लाखांनी बनवली.

१९४० साली युद्ध दाराशी आलेलं दिसत होतं. हत्यारं कधीच न बनवलेल्या कारखान्यांना ती विद्या आधीच शिकवून ठेवावी, म्हणून अमेरिकी लष्करानं छोट्या छोट्या ऑर्डरी वाटल्या. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावच्या सिंगरच्या कारखान्याला पाचशे पिस्तुलांची ऑर्डर मिळाली. काम ठरल्याप्रमाणे झालं, पण कंपनीला पुढे तोफखान्याच्या नेमयंत्रांसारख्या अधिक नाजूक कामाला जुंपलं गेलं आणि पिस्तुलं पाचशेवरच थांबली. नंबर एस ८००००१ ते एस ८००५००. बाकी ओझं टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडनं, शॉटगन बनवणाऱ्या इथाका कंपनीनं, कोल्टनं, आणि थोडं रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलनं उचललं. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेला बसलेल्यांच्या बोटांना रेमिंग्टनचा कळफलक ठाऊक असतो. त्याच नावाच्या कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या कारखान्यातून आठ लाखांच्या वर पिस्तुलं बाहेर पडली.

या पिस्तुलाचं लष्करी नाव एम १९११. लोक म्हणतात ‘नाइन्टीन-इलेव्हन’, नाहीतर नुसतंच ‘फोर्टी-फाइव्ह’. जनक जॉन मोझेस ब्राउनिंग, जन्म १८५५, युटा राज्यातलं ऑग्डेन. बाप जोनाथन ब्राउनिंगही बंदुका घडवणारा. मुलगा त्याच्याच दुकानात भंगारातल्या लोखंडाशी खेळत वाढला आणि पुढे त्यानं एकशे अठ्ठावीस पेटंटं घेतली. १९२६ साली बेल्जियममध्ये, एफएन या शस्त्र कंपनीच्या कारखान्यात नव्या पिस्तुलाचं काम चालू असतानाच तो हृदय बंद पडून गेला.

पिस्तूल जन्माला येण्यामागची गोष्ट मात्र सुंदर नाही. फिलिपिन्समध्ये अमेरिकी फौज मोरो योद्ध्यांशी लढत होती आणि सैनिकांच्या हातातल्या अडतीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही माणूस अंगावर येतच राहतो, अशा तक्रारी येत होत्या. मग १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि टांगलेल्या मृतदेहांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. निष्कर्ष निघाला, की बोअर पंचेचाळीसच्या खाली नको. आज ज्या पिस्तुलाला हौसेनं हस्तिदंती मुठी बसवतात, त्याच्या काडतुसाचं माप असं ठरलं. हे माहीत असलेलं बरं.

लष्करासाठी पिस्तूल निवडण्याची शेवटची चाचणी मार्च १९११ मध्ये झाली. ब्राउनिंगच्या आराखड्याचं कोल्ट कंपनीचं पिस्तूल एका बाजूला, सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल दुसऱ्या बाजूला. प्रत्येकातून सहा हजार गोळ्या झाडायच्या, मध्ये ठरल्या वेळी थोडा विसावा आणि तेलपाणी. तापलं की पाण्यात बुचकळायचं आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज सदतीस वेळा अडलं. कोल्ट एकदाही अडलं नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लष्करानं ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये इटालियन बेरेटा येईपर्यंत तेच अमेरिकी फौजेचं मुख्य पिस्तूल राहिलं. इतकी वर्षं एकाच आराखड्यावर निभावलेलं दुसरं लष्करी पिस्तूल शोधायला बसलं तर फार नावं हाती लागत नाहीत.

आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. वरचा लांबट पोलादी भाग म्हणजे स्लाइड. तिच्या पोटात पाच इंची नळी. नळीच्या पाठीवर आडवे उंचवटे असतात आणि ते स्लाइडच्या आतल्या खाचांत घट्ट बसलेले असतात. गोळी सुटली की धक्क्यानं दोघी मिळून थोड्या मागे सरकतात. नळीच्या बुडाला एक इवलीशी झुलती कडी आहे. तेवढ्याशा प्रवासात ती नळीचं बूड खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात, नळी जागीच थांबते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते, स्प्रिंगच्या जोरानं परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत ढकलते. हे सारं डोळ्याची पापणी लवायच्या आत. चाप फक्त सरळ मागे सरकतो, आणि मूठ हातात नीट दाबली गेली नसेल तर तो दबतच नाही, कारण मुठीच्या पाठीमागेच एक खटका आहे. पिस्तूल सोडवायला हत्यार लागत नाही. मॅगझिनमध्ये सात काडतुसं, रिकामं वजन सव्वा किलोच्या आत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पिस्तूल शिपायाचं होतं. चिखलात पडावं, वाळूत लोळावं, आणि दहा मोडक्या पिस्तुलांच्या सुट्या भागांतून एक धडधाकट उभं करता यावं, अशी लष्कराची अट. त्यामुळे भागांच्या मापांत थोडी मोकळीक ठेवली गेली. जुनं लष्करी १९११ कानाशी धरून हलवलं तर खुळखुळतं. या खुळखुळण्यावरून शौकिनांचे दोन पंथ पडले. एक म्हणतो, त्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, आणा इकडे कानस.

पहिल्या पंथाचं काम अर्धं पुरातत्त्व आणि अर्धी कोर्टकचेरी आहे. लष्करी १९११ चा नंबर बहुधा खालच्या सांगाड्यावरच असतो, स्लाइडवर नसतो. युद्धानंतर शस्त्रागारांनी हजारो पिस्तुलं सुटी केली, भाग डब्यांत टाकले आणि हाताला येईल तो भाग जोडून नवी उभी केली. त्यामुळे कोल्टच्या सांगाड्यावर रेमिंग्टन रँडची स्लाइड आणि आत तिसऱ्याचीच नळी, असा संसार सर्रास दिसतो. अस्सल जोडी ओळखायची ती बारीकसारीक खुणांवरून. डाव्या बाजूला एफजेए अशी अक्षरं असली तर तपासनीस फ्रँक अ‍ॅटवुड. त्याचा शिक्का रेमिंग्टन रँड आणि इथाकावर शोभतो. जीएचडी म्हणजे गाय ड्रूरी, कोल्टवाला. आरसीडी म्हणजे रॉबर्ट डाउनी, सिग्नलवाल्यांचा. नळीवर एचएस असेल तर ती हाय स्टँडर्डची. पहिल्या महायुद्धातल्या पिस्तुलांवर काळसर निळा मुलामा, दुसऱ्यात फॉस्फेटचा राखाडी-हिरवट लेप. १९२० च्या दशकात केलेले बदलही ठाऊक हवेत: चाप आखूड झाला, त्याच्या मागे सांगाड्यावर बोटासाठी खोलगट कोरलं गेलं, मुठीची पाठ फुगीर झाली, आणि मुठीच्या पाठीमागच्या खटक्याचं वरचं टोक लांबवलं, कारण मागे येणारा घोडा अंगठ्याजवळच्या कातडीला चावे घेत असे. हा सुधारलेला अवतार एम १९११ ए १.

या पंथात सगळ्यात मोठं पाप म्हणजे पॉलिश. जुना, झिजलेला, मुठीकडे पांढरा पडलेला मुलामा काढून कुणी नवाकोरा निळा चढवला, की पिस्तूल चकचकीत होतं आणि किंमत धाडकन खाली येते. सिंगरच्या बाबतीत खोटे शिक्के मारण्याचा धंदाही चालतो. त्यामुळे जाणकार माणूस आधी अक्षरांचं वळण पाहतो, मग खरेदीचं बोलतो.

दुसऱ्या पंथाची सुरुवातही लष्करातच झाली. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजीसाठी लष्कराचे कारागीर ही पिस्तुलं घट्ट करून देत. पण खरा बहर आला तो कॅलिफोर्नियात. १९५० च्या दशकात जेफ कूपर आणि मंडळींनी झटपट नेमबाजीच्या स्पर्धा सुरू केल्या, १९७६ मध्ये आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि स्पर्धकांना दोन्ही हातांनी चालवता येईल असा खटका हवा, काळोखातही दिसेल अशी माशी हवी, पुंगळी बाहेर पडायची खिडकी मोठी हवी, असं होऊ लागलं. आर्मंड स्वेन्सन हे त्या काळातलं मोठं नाव. चापाभोवतीचं गोल कडं त्यानं समोरून चौकोनी केलं. आर्कान्सातल्या बेरीव्हिल गावात बिल विल्सननं १९७७ मध्ये काम सुरू केलं. तो मूळचा घड्याळजी. घरच्या दागिन्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्यानं पिस्तुलं उघडायला घेतली. त्याच्या विल्सन कॉम्बॅटची पिस्तुलं आज तीन हजार डॉलरच्या पुढे सुरू होतात. सोन्यापेक्षा घडणावळ भारी, असा हा मामला आहे.

या घडणावळीत नेमकं काय असतं? मुठीची पुढची बाजू घ्या. हात घसरू नये म्हणून त्या वळणदार पोलादावर बारीक शंकरपाळी नक्षी कापतात. एका इंचात तीस रेघा, म्हणजे दोन रेघांत मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर. आधी सगळ्या उभ्या, मग सगळ्या आडव्या, हातातल्या कानशीनं. प्रत्येक चौकटीचं टोक टोकदार पिरॅमिडसारखं उठलं पाहिजे. एक रेघ वाकडी गेली तर पुसता येत नाही. स्लाइड आणि सांगाडा यांचं बसवणंही तसंच: रुळ हळूच ठोकून दाबायचे, मग बारीक लेप लावून स्लाइड पुढेमागे घासत राहायचं, खडखड थांबेपर्यंत आणि तरीही ती स्वतःच्या वजनानं सरकेल इतपतच. जास्त घट्ट झालं तर पिस्तूल अडतं. म्हणजे ब्राउनिंगनं मुद्दाम दिलेला गुण घालवून बसलो. हौशी माणसाचं बहुधा हेच होतं.

माझा कल जपणाऱ्यांकडे आहे, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. स्वेन्सनच्या हातची पिस्तुलं आता स्वतःच संग्राह्य झाली आहेत. ज्या कोल्टला त्यानं कानस लावली, त्याला आज कुणी कानस लावू धजत नाही. आणि घासणारे आता बहुतेक नव्या, बाजारात मिळणाऱ्या सांगाड्यांवर काम करतात, त्यामुळे दोन पंथांतलं भांडणही निवळलं आहे.

२०१८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कोठारातली जुनी पिस्तुलं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅममार्फत विकायला निघाली. संसदेनं वर्षाला दहा हजारांची मर्यादा घातली. माणशी एक, दर्जाप्रमाणे साडेआठशे ते एक हजार पन्नास डॉलर, आणि क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा संगणकानं ठरवायचा. अर्ज मर्यादेहून कितीतरी जास्त आले. डबा उघडल्यावर आत कुठल्या कंपनीचं निघेल हे आधी कळायचं नाही. त्यात बहुतेकांना मिळालं ते शस्त्रागारात जोडलेलं मिश्र पिस्तूल, आणि त्यातही लोक खूश होते.

आपल्याकडे हा छंद या रूपात जमणारा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन परवान्यावरच्या हत्यारांची मर्यादा तिनावरून दोनवर आली. वारशानं आलेलं हत्यारही त्यातच धरायचं. नेमबाजांना वेगळी सवलत आहे, पण राही सरनोबत ज्यात विश्वचषकाची सुवर्णपदकं घेऊन आली त्या पंचवीस मीटर प्रकारात पॉइंट टू-टू बोअर लागतो, आणि सेंटर-फायर प्रकारातही पंचेचाळीस बसत नाही. तेव्हा बघायचंच असेल तर अमेरिकेतच बघावं. ज्यांची मुलंबाळं तिकडे आहेत त्यांच्यासाठी पत्ते सांगतो: सॉल्ट लेक सिटीहून तासाभरावर ऑग्डेन, तिथल्या जुन्या युनियन स्टेशनात ब्राउनिंगच्या नावाचं संग्रहालय; आणि मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरी, राष्ट्रीय स्मारक, प्रवेश मोफत. आणि इथं कुणाच्या घरी आजोबांच्या परवान्यावरचं जुनं हत्यार असेल, तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन कागदपत्रं सरळ करून घ्या, आणि ते चकचकीत करायला कुणाच्याही हाती देऊ नका.