एका संगणकातले दोन ताल

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुना संगणक उघडून ठेवला आहे. त्याचा प्रोसेसर 1992 साली बाजारात आलेल्या इंटेल 486डीएक्स2 या जातीचा. त्याचा वेग 66 मेगाहर्ट्झ. पण शेजारच्या आंदोलकाच्या पत्र्याच्या डबीवर छापले आहे 33.333. "सर, यातला खरा आकडा कोणता?" अकरावीतल्या एका मुलीने विचारले.

दोन्ही खरे! डबीतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला सुमारे 3 कोटी 33 लाख ठोके देतो. प्रोसेसर आणि स्मृती यांना जोडणारा तारांचा समूह म्हणजे बस. ती या ठोक्यांवर चालते. प्रोसेसर मात्र आतल्या आत त्यांची दुगुन करतो. तबल्याची लय तीच, पण एका मात्रेत दोन बोल, तसे. येथे गुणक 2.

ही दुगुन होते कशी? प्रोसेसरमध्ये आणखी एक आंदोलक असतो. विद्युतदाब बदलून त्याची वारंवारता कमीजास्त करता येते. त्याच्या दर दोन ठोक्यांतला एक घेऊन बाहेरच्या ठोक्याशी ताडून पाहतात. तो मागे पडला तर दाब वाढतो, पुढे गेला तर घटतो. काही क्षणांत दोन्ही जुळतात. मग आतली वारंवारता नेमकी दुप्पटच असणार.

पण मग बसच 66 वर का चालवली नाही? मदरबोर्डावरच्या लांब तारांतून इतके जलद संदेश स्वच्छ पोहोचवणे तेव्हा महागाचे काम होते. शिवाय स्मृती मंद. तिला उत्तर द्यायला सुमारे 70 नॅनोसेकंद लागत आणि प्रोसेसरचा एक ठोका 15 नॅनोसेकंदांचा. जवळजवळ 5 ठोके नुसते थांबायचे!

समजा, 33 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका कामास 100 सेकंद लागतात. 60 आकडेमोडीत, 40 स्मृतीची वाट पाहण्यात. दुगुन केली की 60 चे 30 होतात, पण 40 चे 40 च राहतात. एकूण 70, म्हणजे वेळ काही निम्मा झाला नाही. ही वाट कमी व्हावी म्हणूनच प्रोसेसरच्या पोटात 8 किलोबाइटची एक चपळ स्मृती ठेवलेली असे. जाहिरातीत मात्र मोठा आकडा तेवढा झळके. 1994 सालच्या डीएक्स4 ने तर कमाल केली: नावात 4, गुणक 3!

ती जुनी सामाईक बस आता राहिली नाही, पण गुणकाची युक्ती टिकून आहे. 2011 पासून इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांचा मूळ ठोका 100 मेगाहर्ट्झ आहे. अशा प्रोसेसरवर 3.6 गिगाहर्ट्झ लिहिले असेल, तर गुणक किती?